गच्चीवरच्या काटेरी अँटेनाचा बाप : ज्याच्या शोधाची किंमत त्याच्याच देशाने केली नाही

कामोठ्यात नवा भाडेकरू राहायला आला की पहिल्या आठवड्यात तीन माणसं दार वाजवतात. दूधवाला, पेपरवाला आणि डिशवाला. पहिल्या दोघांचे दर अख्ख्या सोसायटीला तोंडपाठ असतात. तिसऱ्याचं मात्र तसं नसतं. खालच्या मजल्यावर एक आकडा, वरच्या मजल्यावर दुसरा. वायर जास्त लागली म्हणून थोडे, गच्चीची चावी आणायला वेळ गेला म्हणून थोडे, आणि क्लॅम्प नवीन टाकला म्हणून आणखी थोडे. पैसे देणाऱ्याला वाटतं आपण फसलो. घेणाऱ्याला वाटतं पाचव्या मजल्याच्या कठड्यावर लटकायचे एवढेसुद्धा मागू नयेत का?

हे भांडण आजचं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, वरळीचा मनोरा उभा राहिला आणि चाळी-बिल्डिंगांच्या गच्चीवर माशाच्या काट्यासारखे दिसणारे ॲल्युमिनियमचे अँटेने उगवायला लागले. पुण्यात तेच अँटेने सिंहगडाकडे तोंड करून उभे राहिले. एक जण गच्चीवर नळी फिरवायचा, दुसरा जिन्यात आणि तिसरा टीव्हीसमोर. आलं का? नाही. आता? आलं आलं, गेलं! ज्यांचं बालपण असं गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

तेव्हाही प्रश्न हाच पडायचा, की चार-पाच नळ्यांच्या या सांगाड्याचे एवढे पैसे कसले? सामान तर भांड्यांच्या दुकानातल्या जर्मनच्या टोपात असतं तेच.

मजा अशी की हा प्रश्न सगळ्यात आधी ज्याच्या बाबतीत विचारला गेला, तो माणूस फिटर नव्हता. प्रोफेसर होता. त्याचं नाव हिदेत्सुगु यागी. गच्चीवरच्या त्या काट्याला जगभर यागी अँटेना म्हणतात ते त्याच्यामुळे. त्याच्या आयुष्यात किंमत हा शब्द इतक्या वेळा आडवा आला, की गोष्ट नीट पहिल्यापासूनच बघायला हवी.

यागीचा जन्म २८ जानेवारी १८८६ चा, ओसाका शहरातला. १९०९ मध्ये तो टोकियोच्या इम्पीरियल युनिव्हर्सिटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर होऊन बाहेर पडला आणि उत्तरेकडच्या सेंदाई गावात मास्तर म्हणून रुजू झाला. सेंदाई म्हणजे टोकियोपासून लांब, थंडीचं गाव. पुढे त्याचं सगळं मोठं काम तिथेच झालं.

१९१३ मध्ये सरकारने त्याला शिकायला परदेशी पाठवलं. जर्मनीत ड्रेस्डेनला बार्कहाउझेन या नावाजलेल्या शास्त्रज्ञाकडे त्याने काम सुरू केलं. पण १९१४ च्या उन्हाळ्यात गडी सुट्टीसाठी स्वित्झर्लंडला गेला आणि मागे पहिलं महायुद्ध पेटलं. जपान जर्मनीच्या विरोधात. परतीची वाट बंद. मग तो इंग्लंडला गेला, तिथे फ्लेमिंगकडे शिकला. रेडिओच्या पहिल्या दिव्याचा म्हणजे व्हॉल्व्हचा शोध लावणारे हेच ते फ्लेमिंग. पुढे अमेरिकेत हार्वर्डला पिअर्सकडे. युद्धाने त्याची एक शाळा हिरावून घेतली आणि बदल्यात दोन दिल्या.

१९१६ ला तो परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एकच विषय होता. आखूड लहरी. त्या काळी रेडिओ म्हणजे लांबच लांब लहरी आणि त्यासाठी उभारलेले अवाढव्य मनोरे. यागीचं म्हणणं पडलं की पुढचा जमाना अगदी आखूड लहरींचा आहे. अशा लहरी टॉर्चच्या झोतासारख्या एका दिशेला पाठवता आल्या तर वीज वाया जाणार नाही आणि गोंगाटही कमी होईल.

पण यासाठी पैसा हवा. इथे साइतो घराण्याने स्थापन केलेली एक संस्था मदतीला आली. साइतो होओनकाई तिचं नाव. एका जमीनदार घराण्याच्या पैशावर विद्यापीठातल्या संशोधनाला मोठं अनुदान मिळालं. आपल्याकडे देणगी म्हटलं की कोनशिला आधी दिसते. त्या देणगीतून आलेल्या अँटेनावर निम्म्या जगाने पुढे टीव्ही बघितला.

आता दुसरा माणूस गोष्टीत येतो. शिंतारो उदा. जन्म १८९६ चा, म्हणजे यागीपेक्षा दहा वर्षांनी लहान. १९२४ मध्ये तो सेंदाईच्याच तोहोकू विद्यापीठातून पदवी घेऊन यागीच्या हाताखाली काम करायला लागला.

प्रयोगशाळेत मोजमाप चालू असताना एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. लहरी सोडणाऱ्या तारेजवळ नुसता एक धातूचा दांडा ठेवला, त्याला कुठलीही वायर जोडली नाही, तरी समोरच्या यंत्रात प्रवाह बदलत होता. दांड्याची लांबी बदलली की परिणामही बदलायचा. उदाने हा धागा पकडला आणि वर्षानुवर्षं दांडे कापत, सरकवत, मोजत बसला. त्यावर जपानी भाषेत त्याने एकामागून एक अकरा लेख लिहिले.

त्यातून जे निघालं ते समजायला अवघड नाही. मधे एकच दांडा असा असतो ज्याला वायर जोडलेली असते. त्याची लांबी लहरीच्या अर्ध्याएवढी. त्याच्या मागे थोडा लांब दांडा, तो आरशासारखा लहरी पुढे परतवतो. आणि पुढच्या बाजूला थोडे आखूड दांडे, ते लहरींना वाट दाखवतात. हे मागचे-पुढचे दांडे कशालाही जोडलेले नसतात. नुसते उभे असतात, पण योग्य लांबीचे आणि योग्य अंतरावर. ६० मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सुमारे ५ मीटर लांब असते, म्हणून तिच्यासाठीचा मधला दांडा अडीच मीटरच्या आत-बाहेर येतो. लहर आखूड झाली की अँटेनाही लहान होतो. गच्चीवर दोन वेगवेगळ्या मापांचे सांगाडे का दिसायचे, त्याचं कारण एवढंच.

म्हणजे यात महाग असं काहीच नाही. ना दिवा, ना मशीन, ना बॅटरी. सगळी किंमत मापात आहे. दांडा कापायला चुकला, अंतर चुकलं, तोंड भलतीकडे झालं, तर तेवढंच ॲल्युमिनियम निव्वळ कपडे वाळत घालायच्या कामाचं.

१९२६ मध्ये दोघांच्या नावाने पहिला इंग्रजी निबंध आला. पण जपानी पेटंट मात्र एकट्या यागीच्या नावावर निघालं. परदेशातली पेटंटंही त्याच्याच नावाने. १९२८ मध्ये यागी अमेरिकेत भाषणं देत फिरला आणि तिथल्या रेडिओ इंजिनिअरांच्या मासिकात त्याचा इंग्रजी लेख छापून आला. त्या लेखात त्याने उदाचं काम स्पष्टपणे मान्य केलंय, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण वाचणाऱ्यांनी लेखकाचं नाव उचललं. अकरा लेख लिहिणारा उदा जपानी भाषेतच राहिला आणि अँटेना झाला यागीचा. मोठ्या फर्मचा बोर्ड असतो आणि गच्चीवर चढणारा पोरगा बिननावाचा असतो, तसाच प्रकार. आज जाणकार लोक आवर्जून यागी-उदा अँटेना म्हणतात, पण बाजारात अजूनही अर्धंच नाव चालतं.

बरं, नाव मिळालं म्हणून यागीला घरात मान मिळाला का? तर नाही. इंग्लंडमधले हक्क मार्कोनी कंपनीकडे गेले, अमेरिकेतलं पेटंट १९३२ मध्ये मंजूर झालं ते आरसीए कंपनीच्या नावावर. बाहेरच्या कंपन्यांना या काट्यात काहीतरी आहे हे कळलं होतं. जपानच्या लष्कराला कळलं नाही. त्यांचा मुद्दा असा की शत्रूच्या दिशेने लहरी सोडणं म्हणजे अंधारात दिवा लावून आपलाच पत्ता सांगणं. १९४१ मध्ये जपानी पेटंटची मुदत संपली. यागीने ती वाढवून मागितली. हा शोध तेवढा महत्त्वाचा नाही, या कारणाने सरकारने अर्ज फेटाळला.

पुढच्याच वर्षी काय झालं बघा.

फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं. तिथे ब्रिटिशांची रडारची यंत्रं हाती लागली आणि सोबत एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची वही. न्यूमन त्याचं नाव. वहीत एक शब्द परत परत येत होता आणि जपानी अधिकाऱ्यांना त्याचा अर्थ लागेना. तो उच्चारायचा कसा, यावरच घोळ. शेवटी पकडलेल्या न्यूमनलाच विचारलं. तो चक्रावला. म्हणाला की हे तर तुमच्याच देशातल्या प्रोफेसरचं नाव आहे, ज्याने हा अँटेना शोधला.

जपानला आपल्या माणसाची ओळख अशी झाली. कैद्याकडून.

मग धावपळ झाली. १९४४ च्या अखेरीस यागीला सरकारच्या तंत्रज्ञान खात्याचं प्रमुख केलं. वेळ निघून गेली होती. जपानकडे तेव्हा कामिकाझे सुरू झाले होते, म्हणजे विमानासकट शत्रूच्या जहाजावर जाऊन आदळणारी पोरं. जानेवारी १९४५ मध्ये संसदेच्या समितीसमोर यागीने त्याबद्दल जे सांगितलं ते त्या काळात तोंडातून काढायलाही हिंमत लागत होती. नेम हमखास लागेल पण चालवणारा मरणार नाही असं शस्त्र देणं हे शास्त्रज्ञांचं काम होतं, ते आम्हाला जमलं नाही आणि म्हणून पोरांना मरावं लागतंय, अशी त्याने माफी मागितली. सगळीकडे बलिदानाचे गोडवे गायले जात असताना एक सरकारी अधिकारी याला आपल्या कामातली कसूर म्हणत होता. यागीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट शोधायची तर ती अँटेनात नाही, इथे सापडेल.

त्याच ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. जमिनीपासून ठराविक उंचीवर बॉम्ब फुटावा म्हणून त्यात छोटी रडार यंत्रं बसवली होती आणि त्या रडारचे अँटेने होते यागी जातीचे.

मधली एक गोष्ट सुटली. १९३३ च्या सुमारास यागी ओसाका विद्यापीठात फिजिक्स विभागाचा प्रमुख झाला होता. तिथे त्याने हिदेकी युकावा नावाच्या तरुणाला कामावर घेतलं. पोरगा हुशार पण लिहून काही छापेना. यागीने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पुढे १९३५ मध्ये युकावाचा जो निबंध आला त्यावर १९४९ मध्ये जपानला पहिलं नोबेल मिळालं. माणसाची किंमत ओळखण्यात यागी चुकला नाही. उदाच्या पेटंटच्या बाबतीत त्याला हे का जमलं नाही, याचं कोडं वाचणाऱ्याला पडतं खरं.

युद्धानंतर १९४६ मध्ये तो ओसाका विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, पण युद्धकाळातल्या सरकारी पदामुळे अमेरिकन प्रशासनाने त्याला पदावरून दूर केलं. मग १९५२ मध्ये यागी अँटेना नावाची कंपनी निघाली आणि साठी ओलांडलेला हा प्रोफेसर तिचा अध्यक्ष झाला. १ फेब्रुवारी १९५३ ला जपानमध्ये टीव्हीचं प्रसारण सुरू झालं आणि छपरांवर काटे उगवले. ज्या शोधाला सरकारने महत्त्वाचा मानलं नव्हतं तो आता घरटी एक लागत होता. त्याच वर्षी तो संसदेच्या वरच्या सभागृहातही निवडून गेला. १९५६ मध्ये सरकारने त्याला संस्कृती सन्मान दिला, जो जपानमधला फार मोठा मान.

आणि उदा? तो चक्क भारतात होता. १९५५ ते १९५८ या काळात युनेस्कोचा तज्ज्ञ म्हणून तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत मायक्रोवेव्हवर काम करत होता. तो गेल्यानंतर वर्षभराने, १५ सप्टेंबर १९५९ ला, त्याच दिल्लीत भारताचं पहिलं टीव्ही प्रसारण झालं. ज्या अँटेनाने ते पकडायचं होतं तो कापून-मोजून तयार करणारा माणूस नुकताच गाव सोडून गेला होता. दिल्लीत किती जणांना याचा पत्ता असेल?

यागी १९ जानेवारी १९७६ ला गेला, नव्वदीला नऊ दिवस कमी असताना. उदा त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

आता परत कामोठ्यात येऊ, कारण डिशवाला अजून दारात उभा आहे.

कामोठ्याहून वरळी जवळजवळ सरळ पश्चिमेला आहे, हवेतून अठ्ठावीसेक किलोमीटर. म्हणून इथल्या जुन्या अँटेनांची तोंडं मावळतीकडे असायची. दूरदर्शनने गेल्या काही वर्षांत जुने ॲनालॉग ट्रान्समीटर बंद करत आणले आणि काट्यांची जागा छत्र्यांनी घेतली. छत्री आग्नेयेकडे बघते, कारण तिचे उपग्रह विषुववृत्तावर आपल्या पूर्वेच्या बाजूला आहेत. डिशची लहर अडीच सेंटीमीटरच्या आसपास असते. एवढ्या आखूड लहरीला छत्री थोडीशी जरी हलली तरी चित्र जातं. म्हणजे इथेही पैसे पत्र्याचे नाहीत, नेमाचे आहेत.

आणि पैशाचा हिशोब असा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१७ च्या नियमांत डीटीएच कंपन्यांना मर्यादा घातली होती. जोडणीचे जास्तीत जास्त ३५० रुपये आणि कनेक्शन चालू करायचे १०० रुपये. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. आता दर ठरवायची कंपनीला मोकळीक आहे, पण जोडणी, घरभेट, जागा बदलणं यांचे दर तिने जाहीर केलेच पाहिजेत. त्यामुळे जुना ३५० चा आकडा दाखवून फिटरशी भांडण्यात आज अर्थ नाही. भांडायचं तर कंपनीने जाहीर केलेला दर मोबाईलवर काढून भांडावं. आणि तेही काम सुरू व्हायच्या आधी, शिडी लावल्यावर नाही.

डीडी फ्री डिशचं वेगळं आहे. तिथे महिन्याचं भाडं नाही, छत्री आणि डबा बाजारातून घ्यायचा, बसवणारा आपणच शोधायचा. मग दर म्हणजे दोघांत ठरेल तो. अशा वेळी सामान आणि मजुरी वेगळी लिहून घेणं बरं. वायर किती मीटर, क्लॅम्प नवा की जुनाच, छत्री गच्चीवर लागणार की खिडकीच्या ग्रीलला. गच्चीवर लावली तर वायर लांब जाते आणि ते पैसे रास्तच असतात. कठड्याबाहेर वाकून काम करणाऱ्याने जास्त मागितले तर त्यातही वावगं काही नाही. वावगं असतं ते काम झाल्यावर आकडा बदलणं. बिल द्यायला नकार देणं हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथेचा प्रकार धरलाय, आणि तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. पनवेलच्या बाजूने काळंकुट्ट आभाळ येतं, धो धो सुरू होतं आणि चित्र गोठतं. एवढ्या आखूड लहरी जाड पावसात शोषल्या जातात. त्यात छत्रीचा दोष नाही आणि बसवणाऱ्याचाही नाही. अशा वेळी फिटरला बोलावलं तर तो येईपर्यंत पाऊस थांबतो, चित्र आपोआप येतं आणि घरभेटीचे पैसे मात्र जातात. आधी अर्धा तास थांबून बघावं. ऊन पडल्यावरही चित्र आलं नाही तर मग छत्री हलली असेल किंवा खाऱ्या हवेने वायरचा जोड गंजला असेल. तेव्हा बोलवावं.

यागी-उदाचे उरलेसुरले काटे अजून काही जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीवर आहेत, पाण्याच्या टाकीच्या बाजूला वाकून. कावळे बसतात त्यावर. सोसायटीचं रंगकाम निघालं की ते खाली उतरवतात आणि भंगारवाला ॲल्युमिनियमच्या भावाने किलोवर घेऊन जातो.